जुनं बंद करून पाहा

दीदी गेल्याचा फोन आला तेव्हा मी नवा रायपूरला जाणाऱ्या बसमध्ये होते. फोन तिच्या धाकट्या भावाचा. "सकाळी चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत..." मी पुढच्या थांब्यावर उतरले, रुंद रस्ता ओलांडला आणि परतीच्या बसची वाट पाहत उभी राहिले. 'जुनं बंद करून पाहा' या दीदीच्या आयुष्यभराच्या हट्टाचा अर्थ तिथे उभ्या उभ्या मला पहिल्यांदा नीट कळला.

शुभा दीदी आमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटर विभागाची प्रमुख. रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या जुन्या मराठी घरातली. मी डोंगरगढकडच्या गावातली, बाबा रेल्वेत गँगमन, घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मीच पहिली. मुलाखतीत इंग्रजी प्रश्नांना अडखळले, तेव्हा तीच म्हणाली, "पोट्टी, मले मराठीत सांग, सर्व्हर म्हणजे काय?" मी म्हणाले, "जिथे सगळ्यांचे फॉर्म येऊन पडतात, ते." ती हसली. "बस झालं. बाकीचं मी शिकवते." आणि तिने खरोखर शिकवलं, चिडवत, रागावत, डब्यातली भाजी माझ्या पानात वाढत.

आमच्याकडे विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज येत. मीही त्याच शिष्यवृत्तीवर शिकलेली. बाबा कामावरून सुट्टी घेऊन मला कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेले होते, आणि उत्पन्नाच्या दाखल्यापाशी फॉर्म अडकला तो अडकलाच. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुट्टी... त्यामुळे आता ऑफिसात जुना सर्व्हर भंगारात काढून सगळं नव्यावर न्यायचं ठरलं, तेव्हा ते माझ्यासाठी नुसतं ऑफिसचं काम नव्हतं. सोमवारी अर्ज सुरू होणार होते. एका वेळी किती जणांना आत घ्यायचं, कोणती फाइल कुठे ठेवायची, अशी एकेक सेटिंग मी नव्या सर्व्हरवर आणली. चाचणीचा अर्ज झटक्यात भरला गेला. ऑफिसच्या साहेबांनी पेढे मागवले.

दीदी म्हणाली, "पेढे झाकून ठेवा. जुना सर्व्हर बंद करा."

"मॅडम, चल रहा है ना! काहे को छेड़ना?" साहेब वैतागले.

"सर, पुराना बाजू में खड़ा है इसलिए चल रहा है, या अपने दम पे, वो तो देखें."

जुना बंद झाला. दीदी खुर्ची मागे सारून उठली आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. अशा वेळी ती नेहमी तशीच उभी राही, घाईने कुठेतरी बोट लागू नये म्हणून. मी पुन्हा अर्ज भरायला घेतला... आणि तो अडकला. उत्पन्नाच्या दाखल्यापाशीच! मी रडवेली होऊन पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत राहिले. साहेबांनी कपाळाला हात लावला. दीदीचा चेहरा मात्र फुलला होता. "सापडलं रे बाप्पा! काहून रडून राहिली? हे सोमवारी सापडलं असतं तर?"

कागदपत्रं ठेवायच्या जागेचा पत्ता जुन्याच सर्व्हरचा राहिला होता. सेटिंग मीच जशीच्या तशी उचलली होती. नवा सर्व्हर प्रत्येक दाखला गुपचूप जुन्याच्या घरात नेऊन ठेवत होता. पत्ता बदलला, जुना बंदच ठेवला, आणि अर्ज सरळ पार झाला. मग पेढ्यांवरचं झाकण निघालं. सोमवारी जशपूर, कांकेर, दंतेवाडा, कुठून कुठून अर्ज येत राहिले, एकही अडकला नाही. "पाह्य, कोणाले काही कळलंच नाही," दीदी म्हणाली. "आपल्याले हीच शाबासकी."

पुढच्या वेळी सर्व्हर बदलायचा होता, तर ऐन त्या दिवशी तिने सुट्टी टाकली. फोनही बंद! मी मनातल्या मनात तिच्याशी भांडत भांडत काम पुरं केलं आणि संध्याकाळी तडक तात्यापारा गाठला. दार उघडून ती म्हणाली, "काय बिघडलं?"

"काही नाही."

"खोटं."

"एक चूक होती. जुना बंद केल्यावर सापडली. दुरुस्त केली."

"हव," ती म्हणाली आणि माझ्यासमोर फोन चालू केला. "आज मी बंद होऊन पाहिलं, पोट्टी. तू चालतेस."

मागच्या आठवड्यात, दीदी गेल्यानंतर पहिल्यांदाच, आम्ही पुन्हा नवा सर्व्हर लावला. ऑफिसात नव्याने आलेली मुलगी मला म्हणाली, "दीदी, चल तो रहा है, रहने दो ना." मी म्हणाले, "जुना बंद कर." तिने भीत भीत बंद केला आणि अर्ज भरायला घेतला. नाव, गाव, शाळा... उत्पन्नाचा दाखला. पार! ती आनंदाने टाळी द्यायला वळली आणि हात पुढे धरून तशीच थांबली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, माझी खुर्ची मागे सारलेली होती, आणि माझे दोन्ही हात पाठीमागे बांधलेले होते.