तिसरी प्लेट

"अकरा मायक्रॉन," मी फोनवर सांगितलं. "बाऊजी, आपकी प्लेट रिजेक्ट है. रिपोर्ट बन गई है, ले जाइए."

पलीकडून गुरमेल सिंगजी म्हणाले, "मैडम जी, मैं आ रहा हूँ."

मी कपाळाला हात लावला. जूनमधली शुक्रवारची दुपार होती. पर्समध्ये मोहालीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफर लेटर होतं आणि सोमवारी त्यांना हो किंवा नाही कळवायचं होतं. अशा वेळी सत्तरीच्या सरदारजींशी हुज्जत घालायची मला मुळीच हौस नव्हती.

मी मेकॅनिकल इंजिनिअर, मूळची कोल्हापूरची. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी मिळाली म्हणून चंदीगडला आले आणि इंडस्ट्रियल एरियातल्या एका कॅलिब्रेशन लॅबमध्ये चिकटले. कारखान्यांतली मोजायची साधनं बरोबर मोजतात की नाही, हे आम्ही मोजतो. ऐकायला भारी वाटतं. नऊ वर्षं रोज केलं की घाण्याच्या बैलाची आठवण येते. मोजा, टाइप करा, सही करा. प्रमोशन दोनदा हुकलं होतं. माझा मुलगा शाळेत सांगायचा, "मम्मी स्टॅम्प लगाती है." पोरगं खोटं बोलत नव्हतं.

गुरमेल सिंगजींचं वर्कशॉप आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. ते सरफेस प्लेट बनवतात. म्हणजे बिडाचा जाड, जड पाट, ज्याचा वरचा भाग अगदी सपाट असतो. कारखान्यात इतर भाग त्यावर ठेवून तपासतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. या प्लेटला सहा मायक्रॉनपर्यंत सूट होती. बारीकसा उतारही मोजणाऱ्या माझ्या इलेक्ट्रॉनिक लेव्हलने ती मध्ये अकरा मायक्रॉन खोलगट दाखवली होती. सोमवारी ती त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाकडे जायची होती. ती नापास झाली असती तर ते गिऱ्हाईकही गेलं असतं.

बाऊजी आले, पण भांडले नाहीत. पगडी नीट केली, प्लेटपाशी गेले. उजवा तळवा वर ठेवला, डावा खालून लावला आणि डोळे मिटून उभे राहिले.

"मैडम जी, ऊपर ठंडी है, नीचे गरम. इसकी नींद पूरी नहीं हुई."

मी चिडून थर्मामीटर आणला. वर आणि खाली जेमतेम एका अंशाचा फरक होता. माणसाच्या हाताला तो कळतो, हे मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. पण तेवढ्या फरकानेही बीड वाकतं. ती प्लेट सकाळी अकराला उघड्या टेम्पोतून, भर उन्हातून आली होती. एसी तिच्या डोक्यावर होता, वरची बाजू आधी गार झाली आणि आक्रसली. म्हणून नियम असा की मोजण्याआधी प्लेट चोवीस तास लॅबमध्ये ठेवायची. मी चार तासही ठेवली नव्हती. आमच्या फॉर्मवर 'चोवीस तास' आधीच छापलेलं असे, आपण फक्त टिक करायची. मी ती केली होती. खाली माझी सहीही होती.

बाऊजींनी तो कागद पाहिला. मग तो न घेताच परत माझ्यासमोर ठेवला. ते रागावले असते तर बरं झालं असतं, इतकी मला लाज वाटली.

शनिवारी दुपारी प्लेट पुन्हा मोजली. चार मायक्रॉन. मी स्वतः सांगायला त्यांच्या वर्कशॉपवर गेले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

ते दुसऱ्या एका प्लेटवर वाकले होते. आधीच सपाट केलेल्या, नमुन्याच्या मास्टर प्लेटवर निळी पेस्ट पुसायची, ही प्लेट तिच्यावर उलटी ठेवून घासायची. जिथे निळं लागलं तिथे उंचवटा. मग कंबरेच्या जोराने स्क्रेपर, म्हणजे पोलादी खरवडणी, ढकलून तेवढाच ठिपका खरवडायचा. पुन्हा निळं, पुन्हा खरवडणं. मशीन नाही, कॉम्प्युटर नाही. मी ज्या सपाटीवर शिक्के मारत आले, ती या माणसाच्या कंबरेतून निघत होती.

"ही मास्टर प्लेट कशावरून केली?" मी हिंदीत विचारलं.

"पुरानी मास्टर से."

"आणि सगळ्यात पहिली?"

बाऊजी हसले. "पहली किसी से नहीं, पुत्तर. तीन टेढ़ी प्लेटें लो और आपस में मिलाते जाओ."

दोनच घेतल्या तर घोळ होतो, हे त्यांनी तळहात जोडून दाखवलं. एक फुगीर, दुसरी खोलगट, आणि दोघी एकमेकींत चपखल बसतात. वाटतं, जमलं. तिसरी ते उघडं पाडते. तिघींपैकी कुठल्याही दोघी घेतल्या तरी जुळायला लागल्या, की तिघी सपाट. म्हणजे जगात एकही सरळ वस्तू नसताना, तीन वाकड्यांतून सरळ काढता येतं! माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मी इंजिनिअर आहे, हे परीक्षेपुरतं वाचलंही असेन. पण त्या पत्र्याच्या शेडमध्ये, घामाने भिजलेल्या त्या म्हाताऱ्यासमोर मला नमस्कार करावासा वाटला. मी केला. ते बिचारे संकोचले आणि त्यांनी लस्सी मागवली.

घरी डायनिंग टेबलवर माझा कागद पडला होता. दोन रकाने: लॅब आणि मोहाली. पगार, अंतर, सुट्ट्या. मोहाली जिंकत होती.

"काय ठरलं?" नवऱ्याने विचारलं.

"दोनच प्लेटा घासत बसले होते मी," मी म्हणाले. त्याला अर्थातच काही कळलं नाही. मी तिसरा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'मला काय करायला आवडतं'. तो भरायला रविवार पूर्ण लागला.

सोमवारी मोहालीला फोन केला. "तिथे मला मशीन बघायला मिळेल का?"

"नो मॅम, एव्हरीथिंग इज ऑन द डॅशबोर्ड," पलीकडची मुलगी अभिमानाने म्हणाली. मी आभार मानून नाही म्हटलं.

मग त्यागी सरांच्या, म्हणजे आमच्या लॅबहेडच्या केबिनमध्ये गेले. "सर, शुक्रवारचा रिपोर्ट मागे घ्यायचाय. चूक माझी आहे. चोवीस तासांची टिक खोटी होती."

"रिपोर्ट गई थी क्या बाहर?"

"नाही. बाऊजींनी थांबवला."

"फिर फाड़ के नई बना दो. लिखने की क्या ज़रूरत है?"

"लिहायचंय, सर. आणि मला टेबलावरून काढा. बाहेर, वर्कशॉपमध्ये जाऊन मोजायचं काम द्या."

"इस गरमी में? वहाँ कोई नहीं जाना चाहता."

"म्हणूनच मागतेय."

बाऊजींची प्लेट त्याच दिवशी गिऱ्हाइकाकडे गेली. मला लेखी समज मिळाली, त्यामुळे प्रमोशन तिसऱ्यांदा हुकलं. बाहेरचं काम मात्र मिळालं. जूनमध्ये पत्र्याखाली जीव नकोसा होतो आणि मोहालीचा एसी आठवतो, हे कबूल करते. फॉर्मही बदलला. त्या रकान्यात आता काही छापलेलं नसतं. घड्याळ बघून वेळ हाताने लिहावी लागते.