खालच्या वाफ्यातली खारी

रविवार, ९ जुलै १९८९. सकाळी सहापासून मी खालच्या वाफ्यातलं पाणी बादलीने उपसत होते. पाऊस शुक्रवारी दुपारीच थांबला होता. हिशेबाप्रमाणे शनिवारी संध्याकाळपर्यंत वाफा रिकामा व्हायला हवा होता. तो काठोकाठ भरलेला होता आणि त्याच्यापासून पाच हातांवर अक्काच्या घराची मातीची भिंत होती. भिंतीचा खालचा हातभर भाग काळा पडला होता.

अक्का उंबऱ्यावर बसून माझ्याकडे बघत होती.

"बाई, परवादिनपासून पानी इतलंच शे," ती म्हणाली. "मी काडी लाई ठेवेल शे."

खरंच, तिने वाफ्याच्या कडेला तुरीची काडी खोचून ठेवली होती. शाळेत शिकवणारी मी, पण मोजमाप ठेवायचं तिला सुचलं होतं.

आमची गल्ली धुळ्याच्या जुन्या भागात. अकरा घरं, सगळी धाब्याची, म्हणजे सपाट मातीच्या छपराची. गल्ली वरून खाली उतरत जाते आणि अगदी तळाशी अक्काचं घर. पूर्वी पावसाचं पाणी वाटेत थोडंफार मुरायचं. मग गल्लीत काँक्रीट झालं. सगळ्यांना आनंद झाला, मलाही, कारण चिखल तुडवत शाळेत जावं लागणार नव्हतं. पण त्याच सुमाराला खालचा मोठा रस्ता दुसऱ्यांदा वर चढवला आणि त्याच्या कडेचं गटार आमच्या गल्लीपेक्षा उंच झालं. वरच्या दहा घरांचं पाणी काँक्रीटवरून धावत यायचं, गटारात जाता येत नाही म्हणून वळायचं आणि अक्काच्या दारात शिरायचं. दोन पावसाळे तिने दाराला पोती लावून काढले. नगरपालिकेत आम्ही तीनदा जाऊन आलो. साहेब येऊन बघून गेले, गटार उंच आहे हे त्यांना पटलं, आणि गटार तसंच राहिलं.

घरात अक्का आणि तिचे यजमान. त्यांना सगळे नाना म्हणत. अर्धांगवायूने त्यांची डावी बाजू गेली होती. त्यांची खाट त्याच भिंतीला लागून होती, कारण तिथल्या खिडकीतून गल्ली दिसते. ती खिडकी हीच त्यांची दिवसभराची करमणूक.

माझा धाकटा भाऊ तेव्हा साक्रीकडे माती अडवण्याच्या, पाणी जिरवण्याच्या कामावर होता. एप्रिलमध्ये आला तेव्हा त्याने गल्ली पायांनी मोजली आणि म्हणाला, "ताई, पाणी खाली येऊच द्यायचं नाही. वाटेतच जिरवायचं." घरांच्या मधल्या मोकळ्या जागांत उथळ वाफे खणायचे, खाली मुरूम लागेपर्यंत जायचं, त्यावर वाळू, वर शेणखत घातलेली भुसभुशीत माती आणि तिच्यात कर्दळ, अळू, वाळा लावायचा. पाऊस पडला की वाफा भरेल, दुसऱ्या दिवशी रिकामा होईल. ज्याच्या घरासमोर वाफा, त्याने तण काढायचं. भावाने कागदावर चित्र काढून दिलं आणि माती भुसभुशीतच हवी, असं दोनदा बजावलं.

चार वाफे ठरले. अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या मुलींनी झोके सोडून कुदळी घेतल्या, असं म्हटलं तर जरा जास्त होईल, पण दोघी-तिघींनी खरंच घमेली वाहिली. वरचे तीन वाफे मेच्या अखेरीस भावाने सांगितलं तसे भरले. खालचा सगळ्यात मोठा, अक्काच्या घराजवळचा, राहिला. मुरूम लागला होता, वाळू पडली होती, पण माती संपली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात गल्लीत धाब्यांचं काम निघालं. आमच्याकडे पावसाळ्याआधी धाब्यावर खारी टाकतात. ही पांढुरकी, चिकण माती असते. ती पसरून चोपली की छपरातून पाणी गळत नाही. वर्षानुवर्षं थर चढून छप्पर जड होतं, म्हणून त्या वर्षी तीन-चार घरांनी जुने थर खरवडून खाली टाकले होते. दारोदार ढीग पडले होते. वाळलेली खारी हाताला पिठासारखी लागते. मी मूठभर उचलली, बोटांत चोळली आणि म्हणाले, "ही फेकायची कशाला? इतकी भुसभुशीत आहे. खालच्या वाफ्यात टाका. वर शेणखत घालू."

सगळ्यांना पटलं. अंगण मोकळं होत होतं आणि वाफा भरत होता. दोन तासांत काम झालं. बाईंचं डोकं चालतं, असं कोणीतरी म्हणालंही. मला बरं वाटलं.

दरवर्षी जी माती आपण पाणी अडवायला डोक्यावर वाहून धाब्यावर नेतो, तीच खाली टाकल्यावर पाणी जिरवेल, असं मला का वाटलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही. धाबं हे एक काम होतं आणि वाफा हे दुसरं. दोन्हींचा एकत्र विचार मी केलाच नाही. अकरा घरांतल्या एकानेही केला नाही.

त्या रविवारी साडेआठच्या सुमाराला वाफ्याचा तळ उघडा पडला. मी हात घातला तर चिकट, गुळगुळीत थर लागला. खरवडूनही सुटेना. अक्का उठून आली. वाकून चिमूटभर चिखल उचलला, अंगठ्याने पसरवला, नाकाशी नेला.

"हाई ते धाबानी खारी शे," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "जी धाबावर पानी खाले जाऊ देस नही, ती आठे कशी जाऊ देई?"

मी हात बादलीत बुडवून धुतला. ती धाब्यांच्या कामाच्या वेळी नानांना घेऊन दवाखान्यात होती. वाफा कशाने भरला हे तिला माहीत नव्हतं. कोणी भरायला सांगितला, हे तर नव्हतंच.

आत जाऊन भिंत पाहिली. खाटेच्या बाजूला तिला पोट आलं होतं. हात लावला तर गिलावा ओला लागला. मी गल्लीतल्या चार पुरुषांना हाक मारली. दोघांनी बाहेरून बल्ल्यांचे टेकू दिले, दोघांनी खाट उचलायला घेतली.

नाना खाट उचलू देईनात. "मना लगनमा बी इतला मानसे नव्हतात," ते अडखळत म्हणाले. "आते कुठे वऱ्हाड काढतस?"

"समोरच्या भिंतीपर्यंत फक्त," मी म्हटलं.

"तठे खिडकी नही शे."

"भिंत पडली तर इथेही राहायची नाही," अक्का तोडून म्हणाली. रागावली की ती शहरी बोलायची. मग पदर तोंडाला लावून आत चुलीकडे गेली. ती रडत होती की धुराने डोळे चुरचुरत होते, मी पाहायला गेले नाही.

माझ्या घरी चला, असं मी दोनदा म्हटलं. नानांनी मान फिरवली. दुसऱ्याच्या घरी यांची घाण कोण उचलणार, एवढंच अक्का म्हणाली. खाट समोरच्या भिंतीला लागली.

संध्याकाळी सगळे आबांच्या ओट्यावर जमले. आबा गल्लीतले जुने, कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी सुरुवातच माझ्या भावापासून केली.

"बाई, तुमच्या भावाचं डोकं ठिकाणावर शे ना? भिंतीजवळ कोणी तळं खोदतं का? साक्रीच्या डोंगरात चालतं ते इथे चालेल?"

"वरचे तीन वाफे दुसऱ्या दिवशी रिकामे झाले," एकजण म्हणाला.

"त्यांच्यात पाणी किती येतं? खालच्यात बठ्ठं, सगळ्या गल्लीचं येतं. मी सांगतो, सकाळी ट्रॅक्टर बोलावतो. मुरूम टाकून बुजवून टाका. कागदावरची चित्रं कागदावरच बरी."

मग भावाची थट्टा सुरू झाली. तो गल्ली पायांनी मोजत होता, त्याची नक्कल कोणीतरी केली. हसले सगळे. एक वाक्य पुरेसं होतं: वाफा बरोबर आहे, माती चुकली, आणि ती मी टाकायला सांगितली. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं. ओट्यावर बसलेल्या निम्म्या लोकांनी स्वतः ती खारी वाहिली होती. तेही बोलले नाहीत. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं की आलं होतं, मला ठाऊक नाही. मी त्यांच्यामागे लपले, एवढं खरं.

अक्का ओट्याच्या पायरीशी उभी होती. पुरुषांपुढे तिने खारीचं नाव काढलं नाही. बुजवायचं ठरलं तेव्हा तिने एवढंच विचारलं, "मंग पुढला पानीले मी काय करू?"

वाफा बुजला की पाणी पुन्हा तिच्या दारात, आणि आता भिंतही फुगलेली. मागची दोन वर्षं ती निदान सरळ उभी होती. आबा म्हणाले, "बघू." बैठक उठली.

मी घरी आले, भाकरी टाकल्या, जेवले. झोप नीट लागली नाही, पण त्यात सांगण्यासारखं काही नाही. भावाचा दोष नाही हे मला माहीत होतं. तरी पहिली काळजी त्याची नव्हती, नानांचीही नव्हती. शाळेत दहा गल्ल्यांतली मुलं येतात, त्यांच्या आया आता काय म्हणतील, ही होती. हे लिहायला आवडत नाही, पण तसंच होतं.

सोमवारी सकाळी शेजारच्या मुलीच्या हाती रजेचा अर्ज शाळेत पाठवला. कुदळ घेऊन वाफ्यात उतरले आणि खारी खणायला लागले. ओली खारी कुदळीला चिकटते, दर चार घावांनी ती काडीने खरवडावी लागते. हातभर जागा मोकळी झाली तेव्हा आबा ट्रॅक्टरच्या पुढे चालत आले.

"हे काय? ठरलं ना काल?"

"वाफा बुजवायचा नाही. यात धाब्याची खारी आहे. तिने पाणी अडवलं. ती टाका असं मीच सांगितलं होतं. भावाने भुसभुशीत माती सांगितली होती."

आबांनी वाफ्यात डोकावून पाहिलं. काठीच्या टोकाने एक ढेकूळ फोडलं. "मग काल तोंड शिवलं होतं का?"

"हो."

"आणि भावाला शिव्या खाऊ दिल्या."

"हो."

त्यांनी मला माफ केलं नाही. पुढे कितीतरी दिवस ते माझ्याशी कामापुरतंच बोलायचे. अक्का दारात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत गेली आणि स्वतःचं घमेलं घेऊन आली. माझ्याकडे न बघता खणलेली खारी भरायला लागली. त्यात मला माफी दिसली नाही. तिची भिंत होती, दुसरं कोण उचलणार.

नऊपर्यंत चारजण आले. भिंत वाळून उभी राहील की पुढच्या पावसात बसेल, हे तेव्हा कोणीच सांगू शकत नव्हतं आणि आभाळ पुन्हा भरत होतं. ट्रॅक्टरवाला मुरमाची ट्रॉली घेऊन ताटकळत होता. मी त्याला तो मुरूम अक्काच्या भिंतीच्या पायाशी उतरवायला सांगितला, म्हणजे तिथे उतार होऊन पाणी तरी लांब राहील. खारीबरोबर खालची वाळूही निघत होती, ती पुन्हा घालायला हवी होती. मग हात धुतले, पदर खोचला, रिकाम्या ट्रॉलीत चढून बसले आणि पांझरा नदीच्या काठावर वाळू भरायला गेले.