बाराच्या खेळाला प्रणाली

अमरावतीच्या एका जुन्या टॉकीजच्या दारावर कौशल्याबाई नऊ वर्षांपासून तिकिटं फाडत होती. नवरा गेल्यावर ती लेक प्रणालीला घेऊन हिवरखेडहून आली, राजापेठेत खोली केली आणि लेकीला ट्यूशन लावली. त्या आठवड्यात सोळा वर्षांच्या पोरीच्या पहिल्या प्रेमाचा पिक्चर लागला होता.

मंगळवारी तिची पाळी संध्याकाळची. पण सोबतीण मधेच आजारी पडली, म्हणून बाराचा खेळ सुरू झाल्यावर तिला धावत यावं लागलं. एकाला बॅटरीने जागा दाखवायला ती आत गेली आणि थबकली. मधल्या रांगेत तोंडावरचा स्कार्फ खाली ओढून प्रणाली बसली होती. शेजारच्या खुर्चीवर दप्तर ठेवून तिनं कोणाची तरी जागा धरली होती. पडद्यावरची पोरगी लाजली की ही हसायची, अन् दाराकडे पाहायची.

कौशल्याबाई दोन पावलं पुढे सरली. हात धरून ओढावी, तर सगळी टॉकीज पाहील. कोण येतो ते तरी कळू दे, म्हणून ती दारात जाऊन उभी राहिली.

दहा मिनिटांनी चार पोरं आली. पुढे शिवम, ट्यूशनपाशी तिनं त्याला पाहिलं होतं. मागचा एक जण मोबाइल काढत म्हणाला, "पोट्टी खरंच आली का बे? तू फक्त हात धर, मी व्हिडिओ काढतो. ग्रुपवर टाकू."

शिवम हसला.

"आत नाही जाता येत," कौशल्याबाई म्हणाली.

"कावून? तिकीट हाये न!"

"मी प्रणालीची माय आहो."

पोरं पाहता पाहता पांगली.

मध्यंतरात दिवे लागले. आईला पाहून प्रणाली पांढरीफटक पडली. कौशल्याबाई दप्तर मांडीवर घेऊन बसली. कोणी आलंच नाही, असं सांगावं, असं क्षणभर तिच्या मनात आलं. पण उद्या त्यानं पुन्हा बोलावलं तर?

"आल्ता तो. तिघं घेऊन. तुया व्हिडिओ काढाले."

"खोटं बोलून राहिली तू! तूच हाकललं त्याले!"

"हाकललं. अन् उद्याही हाकलीन."

प्रणाली तडक निघून गेली. चार दिवस मायलेकींत शब्द नव्हता. आज ही ट्यूशनहून परत येतच नाही, या धास्तीनं कौशल्याबाई रोज जिन्याकडे कान लावून बसायची.

पाचव्या दिवशी प्रणालीनं ट्यूशनमध्ये शिवमला सगळ्यांसमोर व्हिडिओचं विचारलं. तो मान खाली घालून उभा राहिला. घरी येऊन ती आईच्या मांडीत पोटभर रडली.

"दुसरी ट्यूशन पाहू का?" कौशल्याबाईनं विचारलं.

"मी कावून सोडू?" प्रणाली म्हणाली.