आक्काचा फेर

आक्काचा डावा हात धरायला तिची परवानगी लागायची, आणि हातमोजे घातलेल्या माणसाला ती मिळत नसे. "आधी त्ये रबर काढा. मी काय इजेची तार हाय?" सांगलीच्या त्या वॉर्डात मी नुकतीच फिजिओथेरपिस्ट म्हणून लागले होते. नव्वदचं दशक संपत आलेलं. एचआयव्ही म्हटलं की भली भली माणसं लांबूनच बोलायची. नुसता हात धरून काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. मी मोजे काढले. "आता धरा," आक्का म्हणाली. तिथून आमचं जमलं.

आक्का शिराळ्याजवळच्या खेड्यातली. नवरा ट्रक ड्रायव्हर. आजार देऊन तो आधी गेला. मग आक्काच्या मेंदूत संसर्ग झाला. तो आटोक्यात आला, पण डावी बाजू लुळी पडली. सासरचे तिला दवाखान्यात टाकून गेले ते पुन्हा फिरकले नाहीत. आमच्याकडे तेव्हा एचआयव्हीच्या नव्या गोळ्यांवर संशोधन चालू होतं. त्या सुरू करण्याआधी, गुण येईलच असं नाही आणि त्रासही होईल, हे डॉक्टरांनी तिला स्वच्छ सांगितलं.

"तुमालाच ठावं न्हाई, तर बगू की दोगं मिळून," आक्का म्हणाली. पुढे मळमळीने जीव नकोसा झाला तरी ती गोळ्यांना शिव्या घालत त्या गिळायची.

मी तिला पेले उचलायला, मणी वेचायला लावायची. एक दिवस तिने मणी लोटून दिले. "ह्यो पोरखेळ नगं. मला पंचमीला माहेरात फेर धरायचाय." तिच्याकडे नागपंचमीला बायका हातात हात धरून गोल फिरतात, गाणी म्हणतात. गाणं सांगायला पुढे आक्काच असायची. मग आमचा व्यायाम म्हणजे फेरच झाला. व्हरांड्यात मी तिचा डावा हात धरायची आणि ती पाय ओढत, घामाघूम होत गाणं म्हणायची. डॉक्टर तिची चाल तपासायला आले की म्हणायची, "पंचमी झाल्यावर तपासा."

पंचमीला बहिणीला न्यायला भाऊ येतो. आक्काने तिच्या दादाला निरोप धाडला होता. नव्या बांगड्या भरून ती सकाळपासून खाटेवर बसली. दादा आला नाही. दुपारी ती उठली. "त्यो न्हाई आला म्हनून पंचमी ऱ्हाती व्हय? चला म्याडम."

आम्ही एसटीने तिच्या माहेरी गेलो. देवळापुढे फेर रंगला होता. आक्का त्यात शिरली आणि दोन्ही बाजूंच्या बायकांनी हात काढून घेतले. मला इतका संताप आला की रडू फुटलं. मी तिचा डावा हात धरला, माझा दुसरा हात पलीकडच्या बाईने धरला. उजवा तिने तसाच पुढे केला आणि गाणं सुरू केलं. सवयीने एकीने ओळ उचलली, मग सगळ्यांनी. फेर फिरू लागला, पण तिच्या उजव्या हाताशी तो तुटलेलाच राहिला. दादा देवळाच्या पायरीवर उभा राहून बघत होता. गाणं संपेपर्यंत आक्काने तो हात खाली घेतला नाही.

परतताना एसटीत ती म्हणाली, "हात लय दुकतोय. डावा न्हाई, चांगला."

पुढच्या पंचमीला दादा सकाळीच वॉर्डाच्या दारात उभा होता. मान खाली. "चल," म्हणाला.

"हितं ये. आदी हात धर."

सगळा वॉर्ड बघत होता. दादाने तिचा उजवा हात धरला. बराच वेळ सोडला नाही. मग भावाबहिणीची जोडी व्हरांड्यातून हळूहळू चालत गेली. त्या वर्षी मी बरोबर गेले नाही. गरजच नव्हती.

पुढे गोळ्यांचा गुण येईनासा झाला. थंडीत आक्का गेली. दादा जीप घेऊन आला. वॉर्डबॉयने स्ट्रेचर पुढे आणलं आणि जरा लांबच उभा राहिला.

"ऱ्हाऊ द्या, माजी भन हाय," दादा म्हणाला, आणि त्याने तिला दोन्ही हातांनी उचललं.