लालाजींनी दुकान वाढवलं

करोल बागेत गाड्यांच्या सामानाची एक गल्ली आहे. कुणाकडं सीटची कव्हरं, कुणाकडं हॉर्न, कुणाकडं नुसत्या चाकांच्या टोप्या. त्या गल्लीत लालाजींच्या दुकानापुढं, रस्त्याच्या कडेलाच, भाऊसाहेब साळुंखे काम करायचा. गडी खानापूर तालुक्यातला, घाटमाथ्यावरचा. आमच्या त्या भागातली पोरं मिसरूड फुटायच्या आत गलाईच्या धंद्यापायी हिंदुस्थानभर पांगतात. जुनं सोनं वितळवायचं, तेजाबात टाकून शुद्ध करायचं, आणि त्याचा धूर आपण प्यायचा. भाऊसाहेब तसाच दिल्लीला आला, तसाच धूर प्याला आणि छातीचं पार खोकं करून बसला. डॉक्टरनं बजावलं, भट्टी सोड, न्हाईतर भट्टी तुला सोडायची न्हाई. मग तो वायरी-बॅटरीचं काम शिकला.

काम कसलं, तर पिकअपच्या हौद्यात दिवे बसवायचे. हौदा म्हणजे गाडीचा मागचा, माल भरायचा भाग. दिल्लीवाले त्याला डाला म्हणतात. आमच्याकडं डालं म्हणजे कोंबड्या झाकायचं. पहिल्यांदा एक सरदारजी येऊन 'डाले में लाइट लगानी है' म्हणाला, तेव्हा भाऊसाहेबाला वाटलं, ह्यानं कोंबड्या पाळल्यात आणि त्यांना दिवाळी दाखवायचीय. त्यानं तसं विचारलंही. सरदारजी पोट धरून हसला आणि पुढं चार ड्रायव्हर त्यानंच धाडले. भाषेनं असं फसवून वर गिऱ्हाईक दिलं, म्हणून भाऊसाहेबानं ती गोष्ट कधी मनावर घेतली नाही. घ्यायला पाहिजे होती.

पिकअपला पुढं डोळे दिपवणारा उजेड, आणि मागं हौद्यात मिट्ट काळोख. भाजी मंडईत उजाडायच्या आधी माल उतरवताना ड्रायव्हर मोबाईल दातात धरायचे आणि टोमॅटोच्या क्रेटवर लाळ गाळायचे. भाऊसाहेब हौद्याच्या कडेखाली, आतल्या अंगानं, रबरी नळीतली दिव्यांची पट्टी फिरवायचा. वायर खालून बॅटरीपर्यंत न्यायची, बटण मागच्या फाळक्याजवळ, अंगठ्याला सापडेल असं. कथलाचा डाग देऊन वायर सांधून झालेली पट्टी आधी पाण्याच्या बादलीत बुडवायची. बादलीत जळत राहिली तर गाडीला, विझली तर पुन्हा पहिल्यापासून. बादलीतला तो निळसर उजेड बघायला येणारीजाणारी माणसं थांबायची. एवढीच काय ती त्याची शोभा.

पण दिवसभर हौद्यात गुडघ्यावर रांगायचं, खाली निजून वायर ओढायची. गुडघे गेले. छाती आधीच गेलेली. त्याला आता एकच पाहिजे होतं: बसून करायचं काम. स्टूल, समोर टेबल, डोक्यावर छप्पर. पोरगी सुरुची अजून शिकत होती, तिचं होईपर्यंत तरी अंग चालायला हवं होतं, आणि उभ्यानं, रांगून ते चालणार नाही हे त्याला कळून चुकलं होतं.

दुकान बड्या लालाजींचं. जुन्या दिल्लीतले, पांढरेधोट कपडे, बोलणं असं की शिवीसुद्धा पानात घालून देतील. पण ते यायचे वर्षातून एकदा, दिवाळीच्या पूजेला. बाकी दुकान त्यांचा मुलगा राजीव बघायचा. त्याचं बोलणं म्हणजे 'चल भाऊ, शटर गिरा, घर जा.' आणि धंदा तर रोज उतरत होता. नव्या गाड्यांना कंपनीतूनच दिवे यायला लागले. ज्यांना येत नाहीत ते फोनवरून चुंबकाचे दिवे मागवायचे. लोखंडाला टप्पकन चिकटवले की झालं. त्यातनं कुणी उरला तर ट्रॅफिकवाला जादा दिव्यांची पावती फाडायचा. थंडीत धुराचं वातावरण झालं की डिझेलच्या गाड्या दिल्लीच्या हद्दीवरच अडवायचे. बादली दिवसदिवस कोरडी राहायची.

अशात एक दिवस फरीदाबादचे हेरंब दातार दुकानात आले. पुण्याचा माणूस, तिकडं पिकअपवर बॉडी बांधायच्या कारखान्याचा मॅनेजर. भाऊसाहेबाचा हात चटकला आणि तोंडातून गावाकडचं काहीतरी निघालं. ते ऐकून दातार वळले. अर्धा तास बोलत उभे राहिले, बादलीचा खेळ बघितला, आणि जाताना म्हणाले की आमच्याकडं दिव्यांच्या पट्ट्या बनवायचं टेबल रिकामं आहे. बसून काम, दवाखान्याचं कार्ड, रविवारी सुट्टी. दिवाळीनंतर सांगा, तोवर जागा धरून ठेवतो.

कुसुमावतीला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे ऐकून देव भेटल्यासारखं झालं. ती तर सामान बांधायला निघाली होती. भाऊसाहेबानं तिला थांबवलं. इतकी वर्षं खाल्ल्या मिठाला जागून लालाजींना सांगितल्याबिगर जायचं नाही, पूजेला भेटतील तेव्हा पाया पडून सांगू, असं त्याचं म्हणणं. त्यात वाईट काही नव्हतं.

पूजेच्या संध्याकाळी लालाजी आले. गल्ल्याजवळ झेंडूची माळ, उदबत्ती, मिठाई. भाऊसाहेब पाया पडायला वाकला, तर लालाजींनी त्याचा खांदा धरला आणि त्यानं तोंड उघडायच्या आधीच ते म्हणाले,

"भाऊ, अब तो दुकान बढ़ानी पड़ेगी. तुम्हारे बारे में भी कुछ सोचा है."

भाऊसाहेबाच्या तोंडातलं फरीदाबाद तोंडातच राहिलं. शेजारचा गाळा कधीचा रिकामा होता. लालाजी तो घेणार, हे त्याच्या डोक्यात लख्ख पडलं. आणि 'तुम्हारे बारे में' म्हणजे दुसरं काय, तिथं त्याचं टेबल. त्याचं, स्वतःचं, करोल बागेत, राहत्या खोलीपासनं चार पावलांवर. तो एवढा गहिवरला की लालाजींनी मिठाईचा एक पेढा जास्तच दिला.

घरी येऊन त्यानं आपल्या भाषेत सांगितलं, "लालाजी दुकान वाढवणार हैत."

सुरुची दिल्लीत वाढलेली, मराठी तिची अर्धी-मुर्धी. ती खूश झाली. "अरे वा पप्पा, मग तर बिल्कुल जायचं नाही फरीदाबादला." कुसुमावती मात्र कणीक मळता मळता थांबली.

"गिऱ्हाईक तर दिसंना, आन् दुकान कशापायी वाढवत्यात?"

"शेठ लोकांची डोकी आपल्यासारखी नस्त्यात. मंदीत जागा घ्यायची, तेजीत इकायची."

"आन् तुमी दातारसायबास्नी काय सांगणार?"

"न्हाई म्हणून."

"आवं, जरा थांबा की. एक डाव पुन्हा इचारा."

पण माणसाला जे ऐकायचं असतं ते त्यानं एकदा ऐकलं की तो पुन्हा विचारत नाही. भाऊसाहेबानं दुसऱ्याच दिवशी फोन केला. आणि नुसता नकार देऊन थांबला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण त्या आठवड्यात तो श्रीमंत माणसासारखा वागत होता. शेजारच्या गावचा तात्याराव दिल्लीतलं गलाईचं दुकान बंद झाल्यापासून घरी बसला होता. भाऊसाहेबानंच त्याला फावल्या वेळात डाग द्यायला शिकवलं होतं. त्याचं नाव त्यानं दातारांना देऊन टाकलं. माणूस खात्रीचा आहे, डोळे झाकून घ्या, असंही सांगितलं. तात्याराव घरी येऊन पेढे देऊन गेला.

मग भाऊसाहेब शेजारच्या बंद गाळ्यापुढं उभा राहून वितीनं शटर मोजायला लागला. टेबल कुठं, बादली कुठं, उजेड कुठल्या अंगानं येणार. राजीवनं ते बघितलं आणि विचारलं की काय चाललंय. भाऊसाहेब हसून म्हणाला, लालाजींनी मला सगळं सांगितलंय. राजीवच्या अंगावरचं ओझं उतरल्यासारखं झालं. पापाजींनी सांगितलं ते बरं झालं, मला कसं सांगावं कळत नव्हतं, असं काहीसं तो हिंदीत पुटपुटला आणि त्यानं पहिल्यांदाच भाऊसाहेबाच्या पाठीवर हात ठेवला. भाऊसाहेबाला वाटलं, नव्या दुकानात आपला मान वाढणार, त्याची ही सुरुवात.

पुढं माल खोक्यांत भरायचं काम निघालं. पट्ट्या, बटणं, वायरीची भेंडोळी. जागा मोकळी करायची तर माल हलवावा लागणारच. भाऊसाहेबानं स्वतः, हौसेनं, एकेक खोकं बांधलं, वर नावं लिहिली. बाकीची माणसं तोंडं पाडून का वावरतायत हे त्याला कळेना. हमाल आले, खोकी टेम्पोत भरली. टेम्पोच्या हौद्यात त्यानंच कधीतरी लावलेली पट्टी होती. तिच्या उजेडात खोकी एकावर एक नीट रचता आली.

त्या संध्याकाळी तो खुशीत होता. जेवताना त्यानं लालाजींची नक्कल केली. मान जरा तिरकी, हात खांद्यावर ठेवल्यासारखा, आणि तोच पानात घातलेला आवाज: "भाऊ, अब तो दुकान बढ़ानी पड़ेगी."

सुरुचीचा घास हातातच राहिला.

"पप्पा, ते असं बोलले? हिंदीमध्ये, हेच?"

"हेच. का?"

"बढ़ानी पड़ेगी, की बड़ी करनी पड़ेगी?"

"बढ़ानी. मी काय बहिरा हाय?"

पोरगी बापाकडं बघेना. आईकडं बघून बोलली. "आई, दुकान बढ़ाना म्हणजे बंद करणं. पुरानी दिल्लीचे लोक 'बंद' बोलत नाहीत, अशुभ असतं ना. म्हणून बढ़ाना बोलतात. माझ्या फ्रेंडची दादी पण बोलते, दिया बढ़ा दो, म्हणजे विझवून टाक."

भाऊसाहेब हसला. असं कुठं असतंय होय, वाढवणं म्हणजे वाढवणं, असं तो सांगायला लागला. कुसुमावतीनं त्याला बोलू दिलं. मग ती हातातल्या काचेच्या बांगड्यांकडं बघत म्हणाली,

"माजी बांगडी पिचली की मी काय म्हंती? वाढली म्हंती का न्हाई? आन् देवाला नारळ तुमी फोडता का वाढवता?"

त्याच्या स्वतःच्या भाषेत शब्द तोच होता, अर्थ तोच होता, चाल तीच होती. आईच्या दुधाबरोबर प्यालेलं त्याला ऐन वेळेला आठवलं नाही. परक्याची भाषा नडली असती तर शिव्या घालायला तरी जागा होती.

सकाळी दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं. आत फळ्या काढलेल्या, भिंतीवर त्यांचे पांढरे वण. राजीव दुसऱ्या कुणाला तरी जागा दाखवत होता. तो नवा माणूस तिथं मोबाईलची कव्हरं विकणार होता. भाऊसाहेबानं, लालाजींनी माझ्याबद्दल काय सोचलंय, तेवढं विचारलं. राजीवनं एक पिशवी आणून दिली. आत एक शाल होती आणि डाग द्यायची जुनी इस्त्री, त्याचीच, जिनं तो काम करायचा. पापाजींनी सांगितलंय, हत्यार कारागिराकडंच राहू दे. राजीव ते चांगल्या मनानं म्हणाला. ह्यात कुणीही काही वाईट केलेलं नव्हतं, हेच तर अवघड होतं.

मग तो मेट्रोनं फरीदाबादला गेला. दातारांनी बसवलं, चहा मागवला. सगळं ऐकून त्यांनी चष्मा काढून पुसला.

"तुम्ही आठ दिवस आधी आला असतात तर. एकच टेबल होतं हो. आणि माणूस तुम्हीच दिलेला, तक्रारीला जागा नाही."

बाहेर येताना शेडमध्ये तात्याराव दिसला. स्टुलावर बसलेला, डोक्यावर पंखा, समोर टेबल. भाऊसाहेबाला बघून तो अर्धवट उठला, पुन्हा बसला. मग त्यानं हातातली पट्टी पुढं केली.

"भाऊ, आलाच हैस तर बघ की. पाणी शिरंल का रं ह्यात?"

भाऊसाहेबानं पट्टी बोटात फिरवली. सांध्याला पाणी अडवायचा डिंक कमी पडला होता. पहिल्या पावसात दिवे जाणार, गाड्या परत येणार, तात्यारावाची जागा जाणार. हे सगळं त्याला एका क्षणात दिसलं. 'न्हाई शिरत' एवढं म्हटलं की झालं. पण त्याच क्षणात त्याला हेही दिसलं की ही जागा रिकामी झाली तरी तिथं एखादा तरणा गडी बसेल, दोन पायऱ्या चढून धापा टाकणारा भाऊसाहेब नव्हे.

"शिरंल," तो म्हणाला. "कडंला आजून डिंक घाल."

घरी पोचला तेव्हा कुसुमावती तव्यापुढं होती. सुरुची पुस्तक उघडं टाकून बसलेली, पान काही उलटत नव्हती. त्यानं चपला काढल्या, शालीची पिशवी कोपऱ्यात सारली.

"काय म्हणलं सायेब?"

"जागा भरली."

"कुणी?"

"म्याच."

पुढं काहीतरी बोलायला त्यानं तोंड उघडलं, तर खोकल्याची उबळ आली. भिंतीला हात लावून तो वाकला. सुरुचीनं उठून पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं धरला.