झाकणाच्या आतला रंग

माझा बाप एका झाकणाला घाबरायचा.

तळहाताएवढं, पत्र्याचं झाकण. जुन्या लढाऊ विमानाचं. चार कोपऱ्यांना स्क्रूची चार भोकं.

आज अप्पांना जाऊन वर्ष झालं. आता सांगते.

अप्पा हवाई दलात विमानं रंगवायचे. रिटायर होऊन सोलापूरला आले तरी रंग सुटला नाही. जुनी विमानं पुन्हा उभी करणारे लोक त्यांना बारीकसारीक पार्ट कुरिअर करायचे. हँडल, बटणं, झाकणं. मूळ शेड कोणती, एवढंच विचारायला.

अप्पा ओल्या पॉलिश पेपरनं नखाएवढी जागा घासायचे. एकाखाली एक थर दिसायला लागायचे. मग तेलाचं बोट लावून गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बघायचे.

"ट्यूबलाइटमधी रंग बघू नगं. सावलीत ये की."

घराच्या भिंतींचा रंग मात्र आईनं परस्पर ठरवला. अप्पांवर सोडलं असतं तर अजून ठरत असता.

मग ते झाकण आलं.

आतला करडा थर जरासा घासला आणि अप्पांचा हात थांबला. भोकांवरून बोट फिरवत राहिले. मी विचारलं, छातीत दुखतंय का.

"न्हाय गं. आतनं पहिला थर हिरव्याचा असतोय. एकदा हिरवा संपला हुता. असल्याच झाकणाला आतनं निळा मारला मी. वरनं करडा. कुणाला कळलं न्हाय. झाकण मीच बसवलं. ते विमान परत आलं न्हाय."

"रंगानं विमान पडतं व्हय, अप्पा?"

"रंगानं न्हाय. स्क्रू आवळले का न्हाय, आठवत न्हाय मला. विमान आपटलं तर भोकं फाटत्यात. ही बघ, धड हायती. खाली निळा निघाला, तर हे तेच झाकण, आन ते वर हवेतच निसटलं म्हणायचं."

"आणि हिरवा निघाला तर?"

"तर दुसऱ्याच विमानाचं."

"मग घासा की!"

त्यांनी ते रुमालात गुंडाळून कपाटात ठेवलं. झाकणाच्या मालकाचा फोन आला की म्हणायचे, "बघतोय अजून."

शेवटी हॉस्पिटलमध्ये अप्पांचं बोलणं बंद झालं, पण उजवा हात चादरीवर फिरत राहिला. नर्स म्हणाली, झटके येतायत.

मला माहीत होतं. ते स्क्रू आवळत होते.

आज सकाळी झाकण घेऊन गच्चीवर गेले. टाकीच्या सावलीत बसले. खाली आई फोटोला हार घालत होती. निळा निघाला तर तिला काय सांगू, एवढंच डोक्यात. पेपर ओला करून घासायला लागले.

करडा गेला.

तेलाचं बोट लावलं.

हिरवा.

विश्वास बसेना. दुसरा कोपरा घासला, तिसरा घासला. पार पत्रा दिसेपर्यंत सगळं झाकण घासून काढलं. हिरवाच.

अप्पा, नखाएवढीच जागा घासायची होती हो.

तुमच्या त्या झाकणाचं काय झालं, ते आता कुणालाच कळणार नाही. त्याची भीती तुम्ही माझ्याकडे ठेवून गेलात, ती राहू दे. पण हे झाकण तुमचं नव्हतं.

उद्या कुरिअर करते. शेड तुमच्या नावानं कळवते.

आता हात थांबवा, अप्पा. झोपा.