पलीकडे बसलेली आई
नातसुनेच्या बाळंतपणासाठी आणलेल्या काळ्या बोळाची पुडी काल उघडली आणि त्या कडवट वासासरशी आगरदांड्याचं आमचं अंगण डोळ्यांपुढे आलं. सन तीसच्या आसपासची गोष्ट. मला चौथं लागलं होतं, तरी मी आईच्या अंगावर पीत होते, आणि तिला पुन्हा दिवस गेले होते. अंगणात कोलंबीचे सोडे वाळत होते, शेजारणी सुपाऱ्या सोलत होत्या. आईने हसून मला पदराखाली ओढलं आणि माझं तोंड कडूजहर झालं. तिने छातीला बोळ चोळून ठेवला होता. मी थुंकले, रडले. "नवरा आला तरी ही सोडायची न्हाय!" एकजण म्हणाली आणि सगळ्या हसल्या. मी पुन्हा तोंड लावलं आणि रडत रडत ते कडूच प्यायले. तेव्हा मात्र बायकांनी माना खाली घालून पुन्हा सुपाऱ्या सोलायला घेतल्या. आईने मला उचलून खाडीपलीकडे दिघीला दिलेल्या आत्याच्या हाती दिलं. "दिघीला ने हिला. विसरली की आण." होडीत मी किंचाळायला लागले तेव्हा आत्या म्हणाली, "गप, आई पलीकडे बसलीय." खाडी ओलांडेपर्यंत मी गप्प राहिले, आणि दिघीच्या धक्क्यावर एकेका बाईचं तोंड बघत फिरले. भाऊ झाल्यावर मला परत आणलं. "ये गो," म्हणत आईने हात पुढे केले. मी आत्याच्या लुगड्यामागे लपले. सगळे हसले, आईसुद्धा. तिला जाऊनही आता खूप वर्षं झाली. तिच्या मांडीवर मी पुन्हा कधी डोकं ठेवलं नाही, आणि का ते तिने एकदाही विचारलं नाही.